प्रायमरी प्रोग्रेसिव्ह एमएससाठी रिटुक्सिमॅब कुणी घेतलंय का? अनुभव हवे आहेत

पाऊलवाट | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी ठाण्याची. वय ४६, शाळेत गणित शिकवते. चार वर्षांपूर्वी चालताना उजव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल दोन पावलं मागे राहिलेली असायची आणि मला पत्ताच नसायचा. मणक्याचं दुखणं समजून वर्षभर ट्रॅक्शन आणि शेक घेत बसले. मग डाव्या हाताला मुंग्या आल्या, लघवीला घाई व्हायला लागली, तेव्हा कुठं एमआरआय झाला. मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत डाग दिसले. पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात ऑलिगोक्लोनल बँड (या आजाराची एक खूण) निघाले. निदान : प्रायमरी प्रोग्रेसिव्ह मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करणारा आणि सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणारा आजार.

मला अटॅक असा कधी आलाच नाही. इतरांचं वाचते की दृष्टी गेली, स्टेरॉइड दिलं, परत आली. माझं तसं काही नाही. जे जातं ते हळूहळू जातं आणि परत येत नाही. मागच्या दिवाळीला मी कंदील लावायला स्टुलावर चढले होते, या दिवाळीला मुलाला सांगितलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी रिटुक्सिमॅब सुचवलं. हे मूळ लिम्फोमाचं औषध, संधिवातातही देतात, एमएससाठी त्याला मंजुरी नाही, तरी जगभर वापरतात, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. मंजुरी असलेलं त्याच कुळातलं औषध म्हणजे ऑक्रेलिझुमॅब. त्याचा खर्च ऐकून आम्ही दोघं गप्प बसलो. आता संमतिपत्राचे कागद घरी आणलेत. नवरा म्हणतो घेऊ या. सासूबाई देवापुढे बसून म्हणतात, कॅन्सर नाही तर कॅन्सरचं औषध कशाला? त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचत नाही.

ज्यांनी घेतलंय त्यांनी सांगा, खरंच फरक पडतो का? पहिल्या दिवशी काय होतं? दिवसभर मुलांच्या गराड्यात असते, ताप-सर्दी पसरलेली असते, त्याचं काय? आणि नोकरी असेपर्यंत थांबावं की आत्ताच घ्यावं?

सोनचाफा | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

ताई, माझ्या भावाला एमएस आहे, पण रिलॅप्सिंग प्रकारचा, म्हणजे अटॅक येऊन ओसरणारा. त्यामुळे नेमकं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. वाचते आहे. चपलेचं वाचून पोटात गलबललं, त्याचीही सुरुवात अशीच होती.

कृष्णाकाठ | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:०२

ताई, मी सांगलीचा. रिटुक्सिमॅब माझी बायको घेते, चार वर्षं झाली. तिचाही प्रायमरी प्रोग्रेसिव्ह, वय आता ५१. ती मोबाइलवर फार टाइप करू शकत नाही, म्हणून तिला विचारून मी लिहितो.

पहिल्या दिवसाचं आधी सांगतो, कारण भीती त्याचीच जास्त असते. सकाळी आठला डे केअरमध्ये दाखल झालो. आधी पॅरासिटामॉलची गोळी, मग ॲलर्जीचं इंजेक्शन, मग शिरेतून स्टेरॉइड. हे होऊन अर्धा तास गेल्यावर मुख्य सलाईन. ते पंपावर लावतात आणि अगदी हळू सुरू करतात, दर अर्ध्या तासानं वेग थोडा वाढवतात. तासाभरानं हिच्या घशात खाज सुटली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग थंडी वाजून दात वाजायला लागले. मी घाबरलो. सिस्टर घाबरल्या नाहीत. त्यांनी पंप थांबवला, आणखी एक इंजेक्शन दिलं, वीस मिनिटं वाट बघितली आणि निम्म्या वेगानं परत सुरू केला. संध्याकाळी साडेपाचला संपलं. पंधरा दिवसांनी दुसरा डोस झाला, त्यात काहीही झालं नाही, ही झोपून गेली होती. पहिल्या वेळी शरीरात बी पेशी (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर असतात, त्या एकदम फुटतात म्हणून हा प्रकार होतो, पुढच्या वेळी फोडायला फारशा उरत नाहीत, असं डॉक्टरांनी समजावलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बीपीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही हे आधी विचारा, कारण सलाईन चालू असताना बीपी खाली येतो. आणि घसा खवखवला, छातीत जड वाटलं, काहीही वेगळं वाटलं तर लगेच सांगा. आपल्या बायका 'होईल कमी' म्हणत सोसत राहतात. तिथं सोसायचं नाही.

फरकाबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही.

उत्तरायण | १२ फेब्रुवारी, दुपारी २:३०

मी मूळची पुण्याची, गेली अकरा वर्षं स्वीडनमध्ये गोथेनबर्गला. मला रिलॅप्सिंग एमएस आहे आणि मी सहा वर्षांपासून रिटुक्सिमॅबवर आहे.

'मंजुरी नाही' या शब्दांनी घाबरू नका, एवढं सांगायला लिहिते आहे. हे औषध इथंही एमएससाठी मंजूर नाही, तरी एमएसवर सर्वांत जास्त वापरलं जाणाऱ्या औषधांत ते आहे. डॉक्टर लपूनछपून देत नाहीत, देशाच्या एमएस नोंदवहीत प्रत्येक रुग्णाची नोंद होते. इथल्याच एका चाचणीत २०० रुग्णांना वाटून रिटुक्सिमॅब आणि डायमिथाइल फ्युमरेट (एमएसचंच दुसरं औषध) दिलं होतं. निकाल २०२२ मध्ये आला : दोन वर्षांत पहिल्या गटात ३ टक्के लोकांना रिलॅप्स आला, दुसऱ्यात १६ टक्के. मला ५०० मिग्रॅ दर सहा महिन्यांनी मिळत होतं, कोविडनंतर अंतर वाढवलं.

मंजुरी का नाही, तर कुठल्याही औषध कंपनीनं एमएससाठी ती मागितलीच नाही. पेटंट संपत आलं होतं आणि त्याच घराण्यातलं नवं औषध तयार होत होतं. त्याचा राग मला अजून येतो. पण ताई, हे सगळं रिलॅप्सिंगचं आहे. तुमच्या प्रकारात हेच आकडे लागू होतील असं मी म्हणणार नाही.

भिंगातून | १२ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मी डॉक्टर नाही, रोगप्रतिकारशास्त्रात संशोधन करायचो, आता निवृत्त. उत्तरायण यांनी शेवटी लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे, तिथून पुढे लिहितो.

रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये अमेरिकेत लिम्फोमासाठी मंजूर झालं. बी पेशींच्या अंगावर सीडी२० नावाची खूण असते, हे औषध ती धरतं आणि पेशी मारतं. लिम्फोमात त्या पेशी स्वतःच कर्करोगाच्या असतात. एमएसमध्ये त्या निरोगी दिसणाऱ्या, पण मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला घडवून आणणाऱ्या असतात. खूण एक, आजार दोन. सासूबाईंना सांगायचं तर, तण काढायचं खुरपं भाताच्या वाफ्यात चालतं आणि भाजीच्याही.

प्रायमरी प्रोग्रेसिव्हमध्ये याची मोठी चाचणी झाली, तिचं नाव ऑलिंपस. ४३९ रुग्ण, ९६ आठवडे, निकाल २००९ मध्ये. अपंगत्व पक्कं वाढलेल्यांचं प्रमाण नकली औषधाच्या गटात ३८.५ टक्के आणि रिटुक्सिमॅबच्या गटात ३०.२ टक्के. फरक दिसतो, पण तो योगायोगानंही येऊ शकेल इतपतच होता, म्हणून चाचणी अपयशी धरली गेली. मात्र ५१ पेक्षा कमी वयाच्या आणि एमआरआयमध्ये काँट्रास्ट दिल्यावर चमकणारे डाग असलेल्या रुग्णांमध्ये आजार पुढे सरकण्याचा वेग बराच मंदावलेला दिसला. त्या निष्कर्षावरूनच पुढे ऑक्रेलिझुमॅबची चाचणी आखली गेली. ७३२ रुग्ण, वय ५५ पर्यंतचे. तिथं ३९.३ विरुद्ध ३२.९ टक्के असा फरक आला, तो टिकला, आणि २०१७ मध्ये त्या औषधाला मंजुरी मिळाली. प्रायमरी प्रोग्रेसिव्हसाठी मंजूर झालेलं ते पहिलं औषध.

आता हे आकडे पुन्हा वाचा. मंजूर झालेल्या औषधाच्या गटातसुद्धा जवळजवळ एक तृतीयांश लोकांचा आजार पुढे गेलाच. नकली औषध घेणाऱ्यांतले बहुसंख्य त्या काळात होते तिथंच राहिले. म्हणून एका माणसाच्या अनुभवावरून 'औषध लागू पडलं' किंवा 'पडलं नाही' हे सांगणं या आजारात अतिशय अवघड आहे. इथं येणारे अनुभव वाचताना हे लक्षात असू द्या. अनुभव खोटे नसतात, पण औषध घेतलं नसतं तर काय झालं असतं हे त्यात दिसत नाही.

पाऊलवाट ताई, तुमच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'एन्हान्सिंग लीजन' (चमकणारा डाग) असा उल्लेख आहे का ते पाहा, आणि डॉक्टरांना तेवढं एकच विचारा.

पाऊलवाट | १३ फेब्रुवारी, रात्री १२:२०

लगेच रिपोर्ट काढला. शेवटच्या एमआरआयमध्ये मानेत एक डाग चमकणारा आहे. वय ४६. तेव्हापासून मनात तेच चाललं आहे. चमकणारा डाग असल्याचा आनंद व्हावा, अशी वेळ कुणावर येत असेल?

भिंगातून काका, खुरप्याचं उदाहरण सासूबाईंना सांगितलं. त्या कोकणातल्या, आयुष्य शेतीत गेलं. म्हणाल्या, मग असं सांगायचं ना आधी.

माळरान | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

मी लातूरचा, वय ५८. मी दुसरी बाजू सांगतो. कुणाला घाबरवायचा हेतू नाही.

मला तरुणपणी रिलॅप्सिंग होता, पुढे सेकंडरी प्रोग्रेसिव्ह, म्हणजे हळूहळू वाढत जाणारा झाला. रिटुक्सिमॅब सुरू केलं तेव्हा काठी घेऊन चालत होतो. तीन वर्षं घेतलं. आज व्हीलचेअरवर आहे. चमकणारे डाग माझ्या एमआरआयमध्ये कधीच नव्हते, हे मला आत्ता भिंगातून यांचं वाचून कळतं आहे. त्या वेळी मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिल्या वर्षी अंगात थोडं बळ आल्यासारखं वाटलं. आता वाटतं ते सोबतच्या स्टेरॉइडचं असावं, कारण प्रत्येक डोसनंतर आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि मग उतरायचं.

दुसऱ्या वर्षापासून लघवीचे संसर्ग सुरू झाले. मूत्राशय नीट रिकामं होत नाही, त्यात प्रतिकारशक्ती कमी. वर्षात पाच वेळा अँटिबायोटिक घेतलं. दर वेळी ताप आला की पाय लाकडासारखे व्हायचे आणि तापानंतर आधीच्या जागी परत यायचे नाहीत. शेवटी दुसऱ्या शहरात एका न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, त्यांनी आयजीजीची (रक्तातल्या संसर्गाशी लढणाऱ्या प्रथिनांची) पातळी तपासली. ती खूपच खाली गेली होती. तीन वर्षांत ती एकदाही तपासली गेली नव्हती. औषध थांबवलं. संसर्ग कमी व्हायला वर्ष गेलं.

औषधाला दोष देत नाही. पण कुठं थांबायचं हे सुरू करतानाच ठरवायला हवं होतं. आमच्यात तशी बोलणी झालीच नाहीत. ताई, तुम्ही ती करा. किती महिन्यांनी काय बघून चालू ठेवायचं आणि काय झालं तर बंद करायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आयजीजी औषध सुरू करण्यापूर्वी तपासा आणि मग दर सहा महिन्यांनी.

उत्तरायण | १३ फेब्रुवारी, दुपारी १:०५

माळरान दादा, एवढं मोकळेपणानं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आयजीजी इथं प्रत्येक डोसच्या आधी बघतात. तुमच्याबाबतीत ते झालं नाही याचं वाईट वाटलं.

कृष्णाकाठ | १३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

माळरान यांचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता आपलंही खरंच लिहा.

तर फरकाबद्दल. आम्ही पहिल्या वर्षी एकमेकांशी भांडायचो. मी म्हणायचो, तू जरा बरी चालतेस. ती म्हणायची, तुला तसं बघायचं आहे म्हणून दिसतं. ती बरोबर होती. मग फिजिओथेरपिस्टबाईंनी सुचवलं, मोजा. आमच्या घरात व्हरांड्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत बरोबर २५ फूट भरतात. दवाखान्यातही याच अंतराची चाचणी घेतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी चहाआधी ती चालते, मी घड्याळ लावतो. दोनदा चालायचं, दोन्ही आकडे वहीत लिहायचे. त्याशिवाय एका वाटीतली नऊ बटणं एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकायची, दोन्ही हातांनी वेगवेगळं. रात्रीतून किती वेळा उठली तेही लिहितो. मागचे आकडे तिला आधी दाखवत नाही.

वही असं सांगते : सुरुवातीला २५ फुटांना ९ सेकंद लागायचे. वर्षानं ९.६, दोन वर्षांनी ९.४, तीन वर्षांनी १०.१, आता १०.८. म्हणजे ती खाली उतरतेच आहे. वीस टक्के झाले, तेही चार वर्षांत. डॉक्टर म्हणतात की वीस टक्के झाले की फरक खरा धरायचा. आम्ही ती रेषा याच वर्षी गाठली. हात मात्र जसेच्या तसे आहेत. बटणांचा वेळ चार वर्षांत बदललेला नाही. ती अजून स्वतः भाकरी थापते. आम्हाला विचाराल तर आम्ही हातांसाठी औषध चालू ठेवलं आहे.

औषधानंच हात वाचले का? भिंगातून म्हणतात तसं, सांगता येणार नाही. औषध न घेतलेली बायको माझ्याकडे दुसरी नाही ताडून बघायला.

ताई, सुरू करण्यापूर्वी मोजमाप लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

चंदनगंध | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:००

एवढी जड औषधं घेण्यापेक्षा बायोटिनचे मोठे डोस घेऊन बघितले का? व्हॉट्सॲपवर आलं होतं की प्रोग्रेसिव्ह एमएसमध्ये लोक परत चालायला लागले. साधं जीवनसत्त्व आहे, दुष्परिणाम नाहीत.

भिंगातून | १४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

चंदनगंध, तुमची तळमळ कळते. बायोटिनची पहिली चाचणी २०१६ मध्ये आली आणि खरोखरच आशा निर्माण झाली होती. म्हणून ६४२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये. सुधारलेल्यांचं प्रमाण बायोटिनच्या गटात १२ टक्के आणि नकली औषधाच्या गटात ९ टक्के, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. आणि निरुपद्रवीही म्हणता येत नाही : मोठ्या डोसमुळे थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकीचे येतात, त्यावरून भलतेच उपचार सुरू होऊ शकतात.

वऱ्हाडी_सावली | १४ फेब्रुवारी, दुपारी ३:४५

मी यवतमाळची, मला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह सात वर्षांपासून. रिटुक्सिमॅबचे चार डोस झाले. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून सांगते : सुरू कधी करता याला महत्त्व आहे.

मी पहिला डोस एप्रिलमध्ये घेतला. मे महिन्यात पाय उचलेनात, नजर धूसर. मी ठरवून टाकलं की औषधानं घात केला. रडून रडून घर डोक्यावर घेतलं. जुलैत दोन पाऊस पडले आणि सगळं पूर्वीसारखं. तो उन्हाळा होता! आवरण गेलेल्या तंतूंतून संदेश आधीच कसाबसा जातो, अंग अर्धा अंश तापलं तरी अडतो. उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्येच हे लिहून ठेवलं आहे, आणि एमआरआय नव्हते तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचे म्हणे. आमच्याकडे मे महिना हाच तो टब.

तर ताई, मोजमाप करताना ऋतू लिहा. मेची तुलना मागच्या मेशी करा, जानेवारीशी नको. अंघोळ कोमट नाही, साध्या पाण्यानं. मी उन्हाळ्यात ओला पंचा मानेभोवती ठेवते, कूलरच्या वाळ्याला दिवसातून दोनदा पाणी मारते आणि घरातली कामं सकाळी आठच्या आत उरकते. शाळा सकाळची मागून घ्या.

फायद्याचं म्हणाल तर दोन वर्षांत नवा डाग नाही. चालणं थोडं कमी झालं. थकवा तसाच. थकव्यावर या औषधाचा काही उपयोग झाला नाही, मला तरी.

जमाखर्च | १५ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२०

माझ्या बहिणीच्या निमित्तानं विम्याचा बराच अभ्यास झाला, तेवढंच सांगतो.

मेडिक्लेम कंपनीनं पहिला दावा 'एमएससाठी मंजूर औषध नाही' म्हणून फेटाळला. आम्ही तक्रार केली. विमा नियामक प्राधिकरणानं २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची यादी काढली आहे, त्यात इंजेक्शनमधून देण्याच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत. कंपनी त्याला रकमेची मर्यादा घालू शकते, पण यादीतला उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही. त्याबरोबर दुसरा कागद उपयोगी पडला : जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएसची औषधं पहिल्यांदाच घेतली, तीन औषधं, आणि त्यांपैकी एक रिटुक्सिमॅब आहे. मंजुरी नसतानाही. न्यूरॉलॉजिस्टनी लेटरहेडवर कारण लिहून दिलं, हे दोन्ही जोडलं आणि दावा अंशतः मिळाला. सर्वांनाच मिळेल असं नाही, पण पहिल्या नकारावर थांबू नका. डे केअर म्हणून दाखला हवा, ओपीडीत घेतलं तर पैसे मिळणार नाहीत.

भारतात हे औषध परवडतं त्याचं कारणही सांगतो. २००७ मध्ये डॉ. रेड्डीजनं इथं त्याची पहिली समरूप आवृत्ती आणली, नंतर इतरही कंपन्या आल्या. छापील किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांत बराच फरक असतो, रुग्णालयाच्या दुकानाबाहेर दोन-तीन ठिकाणी विचारा. मात्र कुपी थंड पेटीतून येते आहे ना, ते डोळ्यांनी बघा. शीतसाखळी तुटली तर स्वस्त औषध फुकट गेलं.

आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानं नोंदलेला आहे. सिव्हिल हॉस्पिटलातून प्रमाणपत्र काढा. शाळेत तळमजल्यावरचा वर्ग मागताना ते हातात असलेलं बरं.

पाऊलवाट | २ मार्च, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत. डॉक्टरांकडे जाताना हा धागा छापून नेला. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी वाचला, माळरान दादांच्या प्रतिसादाखाली पेनानं रेघ मारली आणि म्हणाले, हे बरोबर आहे, आपण आत्ताच ठरवू. दोन वर्षं घ्यायचं. दरवर्षी एमआरआय, दर सहा महिन्यांनी आयजीजी आणि रक्तातल्या पेशींची मोजणी. वर्षात तीन गंभीर संसर्ग झाले किंवा आयजीजी ठरलेल्या रेषेखाली गेलं तर थांबायचं. कागदावर लिहून दिलं.

तपासण्या झाल्या : हिपॅटायटिस बीच्या दोन, एचआयव्ही, टीबीसाठी रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे. हिपॅटायटिस बीची फक्त नेहमीची एकच तपासणी पुरत नाही, कोअर अँटिबॉडीही बघावी लागते. जुना, झोपलेला विषाणू या औषधानं जागा होऊन यकृत निकामी करू शकतो. न्यूमोनियाची आणि फ्लूची लस आधी घेतली. औषध सुरू झाल्यावर लशींचा परिणाम नीट होत नाही, म्हणून मध्ये चार आठवडे जाऊ द्यायचे आहेत. डोस एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. वऱ्हाडी_सावली ताई, उन्हाळा टाळायचा विचार केला होता, पण डॉक्टर म्हणाले तो डाग चमकतो आहे तोवर थांबायला नको.

घरात २५ फूट सरळ कुठंच मिळत नाहीत. आता सोसायटीच्या मजल्यावर लिफ्टपासून जोशीकाकूंच्या दारापर्यंत खडूनं रेघ मारली आहे. ७.८ सेकंद. शेजारच्या काकू दर वेळी दार उघडून बघतात. आज त्यांनीच घड्याळ लावलं.

पाऊलवाट | ६ एप्रिल, रात्री ९:३०

पहिला डोस झाला. घशात खाज सुटली, पाऊण तासानं. मी तोंडातल्या तोंडात 'होईल कमी' म्हणायला लागले आणि कृष्णाकाठ दादांचं वाक्य आठवलं. बेल दाबली. पंप थांबवला, औषध दिलं, परत सुरू झाला. शेजारच्या खाटेवर लिम्फोमाच्या एक आजी होत्या, त्यांनाही हेच औषध चालू होतं. दिवसभर त्यांनी मला त्यांच्या नातीच्या लग्नाचं सांगितलं. रात्री स्टेरॉइडमुळे झोप नाही, गाल लाल. बाकी ठीक.

माळरान | ७ एप्रिल, सकाळी ८:००

बेल दाबलीत, छान केलंत.

पाऊलवाट | १९ मे, पुढच्या वर्षी, रात्री ११:०५

धागा वर आणते आहे, कारण व्यनितून (खासगी निरोपातून) बरेच जण विचारतात.

तेरा महिने झाले, डोस तीन वेळा. मानेतला डाग आता चमकत नाही, नवीन डाग नाही. आयजीजी थोडं कमी झालं, रेषेच्या वर आहे. संसर्ग दोन झाले : एकदा सायनस, एकदा लघवीचा. शाळेत मास्क लावते. तळमजल्याचा वर्ग मिळाला. जिना टळल्यानं दुपारपर्यंत उभी राहू शकते, तो फरक औषधाचा नाही.

रेघेवरचे आकडे : मार्चमध्ये ७.८ होते, या मार्चमध्ये ८.१. मागच्या मे महिन्यात ९.३ होते, या मेमध्ये ९.४. वऱ्हाडी_सावली ताईंनी ऋतू लिहायला सांगितलं नसतं तर मार्च ते मे बघून मी हादरले असते.

चप्पल अजून निसटते. आता मागे पट्टा असलेली घेतली आहे.

नवी_वाट | २१ मे, दुपारी १२:४०

ताई, माझ्या वडिलांना (वय ६३, सेकंडरी प्रोग्रेसिव्ह) हेच सुचवलं आहे. एमआरआयमध्ये चमकणारा डाग नाही. पूर्ण धागा वाचला. घ्यावं की नाही ते कळत नाही.

माळरान | २१ मे, दुपारी २:१५

नवी_वाट, मला फोन कराल का? नंबर व्यनि करतो. वडिलांनाही बोलायला बसवा. मी साडेचारनंतर मोकळा असतो.